जिल्ह्याचा वकील : वसंतराव नाईकांच्या एका अहवालाचे रसग्रहण

वसंतराव नाईकांचे नाव निघाले की बोलणे संकरित ज्वारीवर येते, ७२ च्या दुष्काळावर येते, रोजगार हमीवर येते. १ जुलैला त्यांच्या जयंतीनिमित्त कृषिदिन होतो आणि त्यांच्या अकरा वर्षांच्या मुख्यमंत्रिपदाची उजळणी होते. हे सगळे योग्यच आहे. पण माझ्या मते त्यांच्या हातून झालेले सर्वांत सुरेख काम मुख्यमंत्री होण्याआधीचे आहे. २७ जून १९६० रोजी महाराष्ट्र शासनाने लोकशाही विकेंद्रीकरणासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिचा अहवाल १५ मार्च १९६१ रोजी आला. शिफारशी २२६, आणि काळ नऊ महिन्यांपेक्षाही कमी. त्या अहवालातून महाराष्ट्र जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अधिनियम, १९६१ हा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून तो अंमलात आला.

सरकारी अहवालाचे रसग्रहण कशाला, असे कोणी विचारील. मला कायदा वाचताना त्याची घडण पाहायला आवडते. कोणाला आत घेतले, कोणाला दारात थांबवले, एकाच्या हातात अधिकार दिला तर त्याला आवरायचा उपाय दुसऱ्याच्या हातात कसा ठेवला, हे सारे कलमांच्या मांडणीत असते. चांगल्या कायद्यात लिहिणाऱ्याचे आयुष्यही उतरलेले दिसते. नाईक समितीच्या कामात ते फार स्पष्ट दिसते, म्हणून आधी थोडे आयुष्य.

पुसदजवळच्या गहुली या बंजारा तांड्यावर १९१३ साली वसंतरावांचा जन्म झाला. शाळेसाठी ते नागपूरच्या नील सिटी हायस्कुलात आले, मग मॉरिस कॉलेजात, आणि १९४० मध्ये नागपूर विद्यापीठाची कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडले. अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांबरोबर त्यांनी वकिली सुरू केली, नंतर पुसदला. १९४६ साली ते पुसदचे नगराध्यक्ष झाले आणि १९५२ पर्यंत त्या पदावर राहिले. पुढच्या कामाच्या दृष्टीने त्यांच्या चरित्रातली ही सहा वर्षे मला सर्वांत मोलाची वाटतात. लहान गावच्या नगरपालिकेत बसलेल्या माणसाला दिवाबत्ती, नळ, गटार आणि सफाई कामगारांचा पगार यांचा हिशेब रोज करावा लागतो, आणि एका साध्या मंजुरीसाठी सरकारी कार्यालयात किती फेऱ्या होतात हेही कळते. १९५२ मध्ये ते पुसदचे आमदार म्हणून पुन्हा नागपुरात आले. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती, विधानसभा सिव्हिल लाइन्समध्ये भरत होती, आणि रविशंकर शुक्लांच्या मंत्रिमंडळात ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले. पालिका आणि महसूल, कारभाराची दोन्ही टोके त्यांनी चाळिशीच्या आतबाहेरच पाहून घेतली होती.

आता अहवालाकडे. १९६० साली नव्या महाराष्ट्रात ग्रामीण कारभाराच्या तीन तऱ्हा नांदत होत्या. पश्चिम महाराष्ट्रात जुन्या मुंबई प्रांताची डिस्ट्रिक्ट लोकल बोर्डे आणि स्कूल बोर्डे होती. मराठवाडा हैदराबाद संस्थानाचा वारसा घेऊन आला होता. विदर्भात जनपद सभा होत्या. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने १९४८ च्या कायद्याने त्या आणल्या. द्वारकाप्रसाद मिश्र तेव्हा स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्री होते आणि ही योजना त्यांच्या नावानेच ओळखली जाते. तहसील हा तिचा पाया. हेतू मोठा होता, पण तहसिलीचा जीव लहान, आणि एवढ्या जिवावर दवाखाने, रस्ते, शाळा यांचा संसार उभा करायचा होता.

याच सुमारास देशभर बळवंतराय मेहता समितीचा बोलबाला होता. १९५७ च्या तिच्या अहवालाने विकास गटाला, म्हणजे पंचायत समितीला, मुख्य मानले. जिल्हा परिषद वर असावी, पण देखरेखीपुरती. तिच्यात पंचायत समित्यांचे अध्यक्ष, त्या भागातले आमदार-खासदार आणि खात्यांचे अधिकारी बसावेत आणि अध्यक्षस्थानी कलेक्टर असावा, अशी ती मांडणी होती. २ ऑक्टोबर १९५९ रोजी पंडित नेहरूंनी राजस्थानात नागौरला पंचायत राज्याचा आरंभ केला तो या वाटेने. दिल्लीने आखलेली, नेहरूंचा आशीर्वाद असलेली वाट समोर तयार होती. नव्या राज्याने तीच धरली असती तर कोणी नावे ठेवली नसती.

नाईक समितीने ती वाट बदलली. तिने जिल्हा हाच बळकट पाया मानला. जिल्हा परिषदेचे सदस्य लोकांनी थेट निवडून द्यावेत, सुमारे ३५,००० लोकसंख्येमागे एक, आणि परिषद एवढी मोठी असावी की तिला जिल्ह्याचे सभागृह म्हणता यावे. कामांची यादीही भरघोस होती. प्राथमिक शिक्षण, आरोग्य केंद्रे, गुरांचे दवाखाने, लहान पाटबंधारे, ग्रामीण रस्ते, शेती. विषयवार समित्या, त्यांचे सभापती, वर स्थायी समिती. गावागावांत लोक जिल्हा परिषदेला ‘मिनी मंत्रालय’ म्हणतात, ते उगाच नाही.

या निवडीत मला विदर्भाचा अनुभव बोलताना ऐकू येतो. हा माझा तर्क आहे, पण तो मला सोडवत नाही. तालुक्याच्या पातळीवरची संस्था कशी चालते हे ज्याने जवळून पाहिले, तोच माणूस ती पातळी सोडून जिल्ह्याकडे गेला. मुंबईच्या बाजूच्या मंडळींना लोकल बोर्डांमुळे जिल्हा ओळखीचा होता. जनपदाच्या मुलखातून आलेल्या अध्यक्षाने मात्र घरची रीत बाजूला ठेवली, कारण पैसा, माणसे आणि तांत्रिक अधिकारी पोसायची ताकद कुठल्या पातळीला असते हा प्रश्न त्याने पुस्तकातून घेतला नव्हता. पुढे १९७८ मध्ये अशोक मेहता समितीनेही विकेंद्रीकरणाचा पहिला मुक्काम जिल्हाच असावा असे म्हटले. नाईक समिती तिथे सतरा वर्षे आधी पोचली होती.

आणि आता ती जागा, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो. समितीने दोघांना परिषदेबाहेर ठेवले.

पहिला कलेक्टर. जिल्हा म्हटला की कलेक्टर, हे समीकरण इंग्रजी अमलात शंभर वर्षे मुरले होते. बळवंतराय मेहता समितीने त्याला अध्यक्षपद देऊ केले होते. नाईक समितीने त्याच्यासाठी परिषदेत खुर्चीच ठेवली नाही. परिषदेचा अध्यक्ष सदस्यांतून निवडला जाईल आणि कारभाराला शासनाकडून स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी येईल. इथे लक्षात घ्यायचे ते हे की अहवाल लिहिताना वसंतराव राज्याचे महसूलमंत्री होते. राज्यातले सारे कलेक्टर त्यांच्या खात्याचे. स्वतःच्या खात्याच्या सर्वांत वजनदार अधिकाऱ्याला जिल्ह्याच्या विकासकामांतून बाजूला काढणारी शिफारस त्या खात्याच्या मंत्र्याने केली. मंत्री खात्याची हद्द वाढवायला धडपडतात हे आपण रोज पाहतो. खात्याची हद्द स्वतःच्या हाताने आखडणारा मंत्री मला दुसरा पटकन आठवत नाही.

दुसरा आमदार, आणि त्याच्याबरोबर खासदार. जिल्हा परिषदेत त्यांना पदसिद्ध जागा नाही. ही शिफारस कोणापुढे गेली ते पाहा. विधेयक मंजूर करायचे होते आमदारांनी. समितीचा अध्यक्ष स्वतः आमदार. सभागृहात बसलेल्यांपैकी प्रत्येकाला जिल्ह्यातल्या शाळा, रस्ते आणि बदल्यांवर हात ठेवायला आवडले असते, आणि राजस्थानचा कायदा तसे करायला सबबही देत होता. तरीही सभागृहाने हे विधेयक मंजूर केले. आपल्याच मतदारसंघात आपल्याशी बरोबरीने बोलू शकेल असा नवा पुढारी उभा करणारे कलम त्यांनी स्वतःच्या मतांनी कायद्यात घातले. यशवंतराव चव्हाणांसारखा मुख्यमंत्री पाठीशी होता म्हणून हे साधले, हे मान्य. पण मुख्यमंत्र्याचा पाठिंबा मिळवणे हाही वकिलीचाच भाग असतो, आणि वसंतरावांनी तो भाग चोख बजावला.

मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे कलम सावकाश वाचावे असे आहे. हा अधिकारी शासनाचा, भारतीय प्रशासन सेवेतला. म्हणजे परिषदेच्या पायात बेडी अडकवली, असे वाटण्याची शक्यता होती. म्हणून कायद्याने परिषदेलाही एक अस्त्र दिले. विशेष सभेत एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांश सदस्यांनी ठराव केला, तर शासनाला त्या अधिकाऱ्याला परत बोलावावेच लागते. साध्या बहुमतावर हे सोपवले नाही, कारण मग दर महिन्याला अधिकाऱ्याची मान टांगती राहिली असती. सर्वानुमताची अटही घातली नाही, कारण मग कलम कागदावरच राहिले असते. दोन तृतीयांश हे माप वापरणारे सभापती आणि वापरले जाईल या भीतीने सांभाळून वागणारे मुख्य कार्यकारी अधिकारी, असे दोघेही जिल्ह्याजिल्ह्यांत होऊन गेले. कारभारात रोजच्या कुरबुरी राहणार हे ओळखून लिहिलेले हे कलम आहे. एका बाजूचा पुरता विजय होऊ न देण्याची काळजी त्यात आहे, आणि ती काळजी पालिकेत सहा वर्षे अधिकाऱ्यांशी वागलेल्या माणसालाच सुचावी.

या रचनेला फळ काय आले? त्याचे सर्वांत थेट उदाहरण वसंतरावांच्या घरातलेच आहे. पुतणे सुधाकरराव नाईक गहुलीचे सरपंच, मग पंचायत समितीचे सभापती, मग यवतमाळ जिल्हा परिषदेचे अध्यक्ष आणि त्यानंतर विधानसभेत, अशा पायऱ्या चढत १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले. काकांच्या घराण्याचे बळ होतेच, पण असे बळ पाठीशी नसलेलेही याच जिन्याने वर आले. विलासराव देशमुख बाभळगावच्या सरपंचपदापासून निघाले. आर. आर. पाटील सांगली जिल्हा परिषदेचे सदस्य होते आणि विधानसभेत पोचल्यावर ग्रामविकासमंत्री म्हणून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान त्यांनीच उभे केले. आमदार परिषदेत नव्हता म्हणूनच या तरुणांना तिथे बोलायला जागा मिळाली, हे माझे ठाम मत आहे. आमदार खुर्चीत असता तर सभापती त्याचा चिटणीस होऊन राहिला असता.

आता रसग्रहण म्हणजे आरती नव्हे. या रचनेत दोन ठिकाणी मन अडखळते, आणि दोन्ही ठिकाणे साधी नाहीत.

एक पैशाचे. परिषदेला कामे मोठी दिली, पण स्वतःची कमाई तुटपुंजी. बहुतेक खर्च शासनाच्या अनुदानावर, आणि त्यातही अमुक योजनेसाठी अमुक रक्कम अशी बांधून आलेली. वाटणी करून दिली पण तिजोरीची किल्ली कनवटीलाच ठेवली, असे वडीलधारे आपल्याकडे कमी नाहीत. त्यात १९७४ साली जिल्हा नियोजन व विकास मंडळे आली आणि त्यांच्या अध्यक्षस्थानी मंत्री बसला. तेव्हा मुख्यमंत्री स्वतः वसंतरावच होते. जिल्ह्याचा आराखडा कुठे ठरणार याचे उत्तर परिषदेच्या सभागृहातून पालकमंत्र्याच्या बैठकीत गेले. पुढे आमदार निधी आला, आणि १९६१ च्या कायद्याने ज्याला परिषदेबाहेर ठेवले होते तो गावच्या समाजमंदिराच्या कोनशिलेवर नाव कोरून आत आला. पहिल्या मसुद्यातला संयम वसंतरावांना शेवटपर्यंत राखता आला नाही, असे मला जड मनाने म्हणावे लागते.

दुसरे ठिकाण गावाचे. अहवालाची नजर जिल्ह्यावर खिळलेली आहे. ग्रामसभा तिच्या कडेला पडते. ती उणीव भरून काढणारे लोकही विदर्भातलेच निघाले, हा योगायोग मला महत्त्वाचा वाटतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावात देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावाचा अभ्यासगट उभा केला. कायदा गावात वाचायचा, त्यावर चर्चा करायची आणि निर्णय सर्वसहमतीने घ्यायचा, ही त्यांची रीत. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. २००६ च्या वनहक्क कायद्याचा आधार घेऊन २००९ मध्ये मेंढ्याने सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. वसंतरावांनी सभागृहात जिल्ह्याची वकिली केली, मेंढ्याने गोटुलात, म्हणजे गावाच्या सभाघरात, बसून गावाची केली. दुसऱ्या वकिलीला सनद लागली नाही. पण कायद्याचे कलम न् कलम वाचायची मेहनत दोघांनीही सारखीच घेतली.

अशा वकिलीसाठी राज्यघटनेनेही स्थानिक संस्थांना विधिमंडळात थेट आवाज देण्याची सोय केली आहे. महाराष्ट्र विधानपरिषदेच्या ७८ जागांपैकी २२ जागा स्थानिक प्राधिकारी संस्थांच्या मतदारसंघांच्या. नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य या आमदारांना निवडून देतात. ग्रामपंचायत सदस्यांना मात्र महाराष्ट्रात यात मत नाही. सभागृहात पालिका आणि परिषदा यांची बाजू मांडणे हे या २२ जणांचे खरे काम. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अशासकीय विधेयक, सगळी आयुधे हाताशी आहेत. या जागांवरच्या निवडणुकीत पक्षांची बेरीज-वजाबाकी भरपूर गाजते. निवडून आल्यावर परिषदेचे अधिकार, तिचा निधी, तिच्या रिकाम्या पदांचा अनुशेष यांवर सलग अभ्यासाने बोलणारे मात्र थोडे आढळले.

त्यात अलीकडच्या काळात या संस्थांचे जे झाले ते कोणत्याही जाणत्या नागरिकाला बोचणारे आहे. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा निकाल दिला तो १९६१ च्या याच अधिनियमाच्या बाराव्या कलमावर. त्या निकालामुळे नागपूर जिल्हा परिषदेतल्याही काही जागांची पोटनिवडणूक घ्यावी लागली. मग राज्यभर निवडणुका रखडत गेल्या. नागपूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आला. एकामागून एक संस्था अशाच रिकाम्या झाल्या, आणि मतदारच उरले नाहीत म्हणून विधानपरिषदेतल्या त्या २२ पैकी बऱ्याच जागाही रिकाम्या पडल्या. एवढा काळ जिल्ह्याजिल्ह्यांत निवडलेला माणूस नसताना विधिमंडळाची अधिवेशने नागपुरात आणि मुंबईत भरत होती, कायदे होत होते. स्थानिक संस्थांचा पूर्णवेळ वकील असता तर हे इतक्या निमूटपणे झाले नसते.

ज्या मॉरिस कॉलेजात वसंतराव शिकले, त्याला आज त्यांचेच नाव आहे. वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था. विधानभवन तिथून हाकेच्या अंतरावर आहे. हिवाळी अधिवेशनात मोर्चे अडवले जातात तो मॉरिस कॉलेज टी-पॉइंट हाच. ग्रामपंचायत कर्मचारी, जिल्हा परिषदेचे शिक्षक, आशाताई थंडीत तिथे बसून राहतात, आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या नोकरीचे मूळ १९६१ च्या कायद्यात आहे. त्यांची निवेदने आत जातात, पण ती कुठल्या कलमात कुठली दुरुस्ती मागत आहेत हे नेमके लिहून देणारा माणूस त्यांच्यापाशी बहुधा नसतो.

म्हणून नागपूरच्या विधी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. नाईक समितीचा अहवाल मिळवा आणि १९६१ चा अधिनियम शेजारी ठेवून वाचा. कुठली शिफारस कायद्यात आली, कुठली गळाली, नंतरच्या दुरुस्त्यांनी काय काढून घेतले, याचे टिपण करा. आपल्या जिल्हा परिषदेच्या, पंचायत समितीच्या, गावच्या सभेत जाऊन बसा. मग डिसेंबरात अधिवेशन सुरू होण्याआधी ते टिपण आपल्या आमदाराच्या हातात द्या आणि सभागृहात काय झाले याचा पाठपुरावा करा. वकिलीच्या पेशात हे काम मोकळे पडले आहे, आणि नागपुरात त्याची गरज दर हिवाळ्यात असते.